‘सगळे धरून’ तीन रात्री : दक्षिण गोव्यातील एका रिसॉर्टचा हिशेब

“खिशात हात घालायचं कामच नाही, सर,” असे नागपूरच्या धरमपेठेतील आमच्या प्रवास-एजंटाने सांगितले, तेव्हाच हे वाक्य शब्दशः तपासून पाहायचे मी ठरवले होते. फेब्रुवारीत मी, पत्नी आणि माझी ७१ वर्षांची आई असे तिघे दक्षिण गोव्यातील एका रिसॉर्टमध्ये तीन रात्री राहून आलो. दर ‘ऑल इन्क्लुझिव्ह’, म्हणजे आपल्या भाषेत सगळे धरून होता : खोली, तिन्ही वेळचे जेवण, चार वाजताचा चहा-फराळ, मद्यासह सर्व पेये, जलतरण तलाव आणि संध्याकाळचे गाणे-बजावणे. रिसॉर्टचे नाव मी देत नाही, कारण माझा आक्षेप त्या एका ठिकाणापेक्षा या दरपद्धतीवर अधिक आहे आणि नागपूरहून जाणाऱ्या कुटुंबाला ती कितपत परवडते, एवढेच मला येथे सांगायचे आहे.

प्रथम पैशांचे बोलू. तिघांसाठी एका खोलीचा सगळे धरून दर रात्रीला २४,५०० रुपये होता आणि त्याच खोलीचा केवळ नाश्त्यासह दर १४,००० रुपये होता. खोलीचे भाडे दिवसाला ७,५०० रुपयांहून अधिक असले की त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. त्यामुळे तीन रात्रींचे अनुक्रमे ८६,७३० आणि ४९,५६० रुपये झाले, म्हणजे जेवण आणि पेयांसाठी आम्ही ३७,१७० रुपये आगाऊ मोजले. एजंटाने हा फरक स्वतःहून सांगितला नाही. दोन्ही दर लेखी मागितले तेव्हा ते मिळाले, आणि प्रत्येकाने ते तसेच मागावेत, कारण केवळ एकच आकडा समोर असला की तो मोठा की लहान हे ठरवायला काहीच आधार राहत नाही.

आता या ३७,१७० रुपयांत प्रत्यक्ष किती जेवणे येतात, ते पाहण्यासाठी रेल्वेचे वेळापत्रक उघडावे लागते. नागपूर–मडगाव विशेष गाडी बुधवारी दुपारी निघते, भुसावळ, कल्याण, पनवेल, रत्नागिरी असे मोठे वळण घेऊन गुरुवारी संध्याकाळी मडगावला पोहोचते आणि परतीची गाडी रविवारी रात्री सुटते. तीन रात्रींसाठी ही जुळणी उत्तम आहे, परंतु सगळे धरून दराच्या दृष्टीने तितकीच गैरसोयीची आहे. खोली दुपारी २ वाजता मिळते आणि सकाळी ११ वाजता सोडावी लागते. आम्ही गुरुवारी संध्याकाळी सात वाजता पोहोचलो, तेव्हा त्या दिवसाचे दुपारचे जेवण आणि चहा केव्हाच होऊन गेले होते, आणि रविवारचे दुपारचे जेवण सुरू होण्यापूर्वी आमची मुदत संपणार होती. जाहिरातीतील ‘चार दिवस’ हे अशा रीतीने दोन पूर्ण दिवस आणि दोन तुकडे ठरले : नाश्ता दोन्ही दरांत असल्यामुळे तो सोडला, तर जादा पैशांत रात्रीची तीन आणि दुपारची दोन अशी माणशी पाच जेवणे आली. रिसॉर्टच्या दरपत्रकात बाहेरच्या माणसासाठी बुफे करांसह १,७७० रुपयांना होता. पंधरा ताटांचे २६,५५० रुपये झाले, आणि उरलेले १०,६२० रुपये आम्हाला चहा, शहाळी, भजी, फळांचा रस आणि मद्य यांतून ‘वसूल’ करायचे होते. सुट्टीवर गेलेल्या माणसाने असा विचार करू नये हे मला मान्य आहे, पण हा विचार ती व्यवस्थाच तुमच्या डोक्यात घालते.

पोहोचताच प्रत्येकाच्या मनगटावर निळा कापडी पट्टा बांधण्यात आला. क्लब मेड या फ्रेंच पर्यटन कंपनीने १९५० मध्ये स्पेनच्या मायोर्का बेटावर तंबू ठोकून या प्रकारच्या सुट्टीचा पाया घातला, आणि त्यांच्या वसाहतींत पुढे पाहुणे गळ्यातील मण्यांनी पेयांचे पैसे चुकते करीत असत. पैसा नजरेआड करण्याची ती युक्ती आता या पट्ट्यावर आली आहे. मात्र पट्ट्याची सत्ता कुंपणापर्यंतच आहे. खोलीतून समुद्र दिसत नव्हता. माडांच्या बागेतून आणि वाळूच्या टेकड्यांमधून अडीच-तीनशे मीटर चालल्यावर तो लागत होता. आईने यावर थोडी नाराजी दाखवली, तरी हा दोष रिसॉर्टचा नव्हे. किनारी नियमन क्षेत्राच्या नियमांमुळे ग्रामीण किनाऱ्याच्या बऱ्याच भागात भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही, आणि दक्षिण गोव्याचा तो पट्टा अजून मोकळा दिसतो तो बऱ्याच अंशी त्यामुळेच. किनारा सार्वजनिक असल्याने वाळूवर रिसॉर्टचा वेटर येत नाही, तिथल्या शॅकमध्ये, म्हणजे वाळूवरच्या झोपडीवजा उपाहारगृहात, घेतलेले शहाळे रोख पैशांचे असते. ‘बीच रिसॉर्ट’ या शब्दावरून जो वाळूत बसून फुकट पेय पिण्याचे चित्र रंगवून जाईल, त्याची निराशा होईल. समुद्र स्वच्छ होता, जीवरक्षक जागेवर होते आणि लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच पोहण्याचा नियम ते शिट्टी फुंकून पाळायला लावत होते. नागपूरच्या फुटाळा तलावाच्या काठावर ज्यांचे सारे जलज्ञान संपते, अशा आमच्यासारख्यांना त्या शिट्टीचा मोठाच आधार वाटला.

जेवणाविषयी मात्र सविस्तर सांगितले पाहिजे. बुफेवर पदार्थांची संख्या भरपूर होती आणि गोवा फार थोडा होता. पहिल्या रात्री इसवणाच्या, म्हणजे सुरमईच्या, रवा लावून तळलेल्या तुकड्या होत्या, त्या उत्तम होत्या, आणि पत्नीने त्या तीनदा आणल्या. दुसऱ्या दिवसापासून मात्र ‘फिश इन लेमन बटर’ या नावाखाली बासा येऊ लागला. बासा हा मुळात आग्नेय आशियातल्या मेकाँग नदीच्या खोऱ्यातील, गोड्या पाण्यात वाढवला जाणारा मासा आहे. त्याला काटा नाही, वास नाही आणि चवही जवळजवळ नाहीच. खाऱ्या पाण्यापासून तीनशे मीटरवर बसून शेततळ्यातला मासा खाण्यासाठी आम्ही २६ तासांचा प्रवास केला नव्हता. विचारले असता, ताजी इसवण, कोळंबी आणि शेवंडे ‘सी-फूड ग्रिल’ या वेगळ्या उपाहारगृहात वजनावर मिळतात आणि ती पॅकेजमध्ये धरलेली नाहीत, असे कळले. चिकन शाकुती सौम्य केलेली होती. सावजीच्या तर्रीवर वाढलेल्या जिभेला ती सौम्य लागणारच, हे मी माझ्या बाजूने वजा करतो, तरी शाकुतीत भाजलेल्या खोबऱ्याची आणि खसखशीची चव लागू नये हे काही तिखटाच्या सवयीवर ढकलता येणार नाही.

आई शाकाहारी आहे, आणि तिच्यासाठी रोज पनीर, काळी डाळ, मिश्र भाजी हा लग्नाच्या मांडवातला क्रम होता. शुक्रवारी दुपारी तिने बुफेमागे उभ्या असलेल्या, बोलण्यावरून सिंधुदुर्गाकडच्या वाटणाऱ्या आचाऱ्याला सरळ विचारले, “बाबा रे, तुम्ही स्वतः काय जेवता?” तो हसला आणि शनिवारी दुपारी त्याने कर्मचाऱ्यांच्या स्वयंपाकातले खतखते एका वाडग्यात तिच्यासाठी आणले. सुरण, रताळे, मक्याची कणसे, ओले खोबरे आणि त्यात तिरफळे. त्या काळपट मण्यांसारख्या तिरफळांकडे आईने संशयाने पाहिले, एक चावून जीभ बधिर करून घेतली, आणि मग ती बाजूला काढून दोन वाडगे संपवले. हा पदार्थ बुफेवर का नाही, असे मी व्यवस्थापकांना विचारले, तेव्हा पाहुणे तो ओळखत नाहीत असे उत्तर मिळाले. पदार्थासमोर नावाची पाटी ठेवली तर कोणीही ओळखेल, ही माझी सूचना त्यांनी वहीत टिपून घेतली. न्याहारीची पोई हा गोव्याचा पाव आणि शेवटच्या रात्रीची बेबिंका ही थरांची मिठाई मात्र दोन्ही अस्सल होती.

मद्याचे गणित आमच्यापुरते तरी तोट्याचे ठरले. मी तीन दिवसांत चार बाटल्या बिअर आणि दोन पेले काजू फेणी घेतली, पत्नी आणि आई घेत नाहीत. पॅकेजमध्ये केवळ देशात तयार होणारे साधे ब्रँड धरलेले होते, परदेशी बाटलीकडे बोट दाखवले की वेटर अदबीने जादा दराचा कागद पुढे करीत असे. मुळात गोव्यात मद्य महाराष्ट्रापेक्षा स्वस्त असते, त्यामुळे तिथे त्याचे पैसे आगाऊ भरण्यात शहाणपण नाही. आमच्या बाजूच्या खोलीत वर्ध्याचे चार मित्र होते. दारूबंदीच्या जिल्ह्यातून आलेल्या त्या मंडळींनी मात्र सकाळी अकरापासून असा नेट लावला होता की आम्ही न घेतलेला आमचा वाटाही त्यांच्याकडून वसूल झाला असावा.

शनिवारी सकाळी आम्ही मडगावच्या बाजारात गेलो आणि तिथे या पद्धतीची खरी अडचण कळली. दीडच्या सुमारास एका साध्या खानावळीतून तळलेल्या बांगड्यांचा वास आला, बाहेरच्या फळ्यावर थाळीचा दर लिहिलेला होता आणि तो आमच्या बुफेच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी होता. पत्नी थबकली. पण रिसॉर्टमधले जेवण अडीचला बंद होत होते, त्याचे पैसे भरलेले होते, आणि ‘फुकट कशाला घालवायचे’ या विचाराने आम्ही ४५ मिनिटे टॅक्सीत बसून परत बासा खायला गेलो. आईला त्या दुपारी खतखते मिळाले ही तिची पुण्याई. पत्नीने मात्र तो बांगडा मला अजून माफ केलेला नाही.

जादा आकारणीविषयी थोडक्यात : कपडे धुणे, स्पा, डॉल्फिन पाहण्याची होडी आणि खोलीतल्या फ्रिजमधील वस्तू यांचे पैसे वेगळे होते, आणि ते आरक्षणाच्या पत्रात बारीक अक्षरांत का होईना, लिहिलेले होते. शुक्रवारी पत्नीसाठी आम्ही ग्रिलमध्ये कोळंबी मागवली, तिच्या बिलात १० टक्के सेवाशुल्क आपोआप लावलेले होते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये असे शुल्क आपोआप लावण्यास मनाई केली आहे आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती मार्गदर्शक तत्त्वे कायम ठेवली. हे शांतपणे सांगताच बिल दुरुस्त करून मिळाले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक मी फोनवर काढून ठेवला होता, पण तो लावण्याची वेळ आली नाही.

इतके दोष सांगूनही एक गोष्ट या दराच्या बाजूने नोंदवली पाहिजे. माझी आई नागपूरच्या महाल या जुन्या वस्तीतल्या एकत्र कुटुंबात तीस माणसांचा किराणा वाणसामानाच्या वहीत लिहीत आयुष्य काढलेली बाई आहे. हॉटेलात गेल्यावर ती आधी मेनूकार्डाची उजवी बाजू वाचते आणि मग तिला भूक नसते. येथे उजवी बाजूच नव्हती. दुसऱ्या दिवशी चार वाजता तिने आपणहून शहाळे मागवले, त्यानंतर अर्ध्या तासाने दुसरे, आणि ते पिताना तिने कोणाकडेही पाहिले नाही. ज्यांच्या घरी असे मोजून खाणारे वडीलधारे आहेत, त्यांनी ३७,१७० रुपयांचा हिशेब माझ्यासारखा केवळ ताटांनी करू नये.

तरीही मी तो केला, आणि एक उपयोगी मार्ग सापडला. गुरुवारचे न मिळालेले दुपारचे जेवण रविवारी द्यावे, अशी विनंती मी शुक्रवारीच ई-मेलने केली. स्वागतकक्षाने तोंडी नकार दिला होता, परंतु लेखी विनंतीवर व्यवस्थापकांनी संध्याकाळपर्यंत होकार कळवला आणि आमचे पट्टे रविवारी ११ ऐवजी ३ वाजता कापले गेले. त्या तीन ताटांचे ५,३१० रुपये आणि तोपर्यंतच्या चहा-पेयांचे करांसह सुमारे ८,००० रुपये धरता, रिसॉर्टच्या स्वतःच्या दरांनी आमचे २,७०० रुपये अधिकच वसूल झाले. मडगावच्या खानावळीच्या दरांनी ते कधीच झाले नसते. रेल्वेने जाणाऱ्याने केवळ नाश्त्याचा दर घ्यावा आणि एक स्कूटर भाड्याने घ्यावी, असे माझे मत आहे. वृद्ध माणूस किंवा वर्ध्याचे मित्र सोबत असतील, तर सगळे धरून घ्यावे, मात्र आधी हे बदलीचे जेवण लेखी मागून घ्यावे.

रविवारी रात्री मडगावच्या फलाटावर चहावाला आला. आईने पट्ट्याचा पांढरा वळ उमटलेला हात पुढे केला, मग तो मागे घेतला आणि विचारले, “कितीचा?” किंमत ऐकून ती म्हणाली, “दोनच घे, तिघांत होतो.”