जपानी पद्धतीच्या स्टेकसाठी बिडाचा सपाट तवा

घरच्या गॅसवर जपानी पद्धतीचा स्टेक, म्हणजे तव्यावर खरपूस भाजलेला जाड काप, करायचा असेल, तर मांसाच्या आधी तव्याचा विचार करावा लागतो. या कामासाठी जळगावात भांड्यांच्या एका दुकानातून बिडाचा सपाट तवा घेतला. व्यास २६ सेंटिमीटर, वजन सुमारे अडीच किलो आणि किंमत चौदाशे रुपये. स्टेक म्हटले की त्यावर काळे पट्टे उमटलेच पाहिजेत अशी आपल्याकडे समजूत असल्यामुळे दुकानदाराने आधी रेघांचा ग्रिल पॅन पुढे केला होता. जपानी पद्धतीला तो निरुपयोगी आहे. कोबे येथील ‘मिसोनो’ या उपाहारगृहाने १९४५ मध्ये रूढ केलेली तेप्पानयाकी ही भाजण्याची पद्धत सपाट लोखंडी पत्र्यावर चालते. मांसाचा सगळा पृष्ठभाग धातूला टेकतो आणि सर्वत्र सारखा खरपूस होतो. रेघांच्या पॅनमध्ये हा खरपूसपणा रेघांपुरताच येतो आणि मधल्या जागेत मांस स्वतःच्याच वाफेवर शिजत राहते.

जपानमध्ये स्टेकसाठी नावाजले जाते ते वाग्यू गोमांस. महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंश हत्याबंदी लागू असल्याने तो विचार येथे करण्याचे कारण नाही, आणि त्याने फारसे अडतही नाही, कारण कोंबडीच्या मांडीचा आणि वांग्याचा स्टेक हे जपानी घरांतलेच पदार्थ आहेत. तव्याची परीक्षा मी याच दोन पदार्थांवर घेतली.

कोंबडीची मांडी हाड काढून, पण कातडीसह हवी, हे दुकानात तोडण्यापूर्वीच बजावून सांगावे लागते. आपल्याकडे कातडी सोलूनच देण्याची रीत आहे. तवा मध्यम आचेवर सहा-सात मिनिटे रिकामा तापवावा, मांस कोरडे पुसून कातडीची बाजू खाली ठेवावी आणि वर एखादे जड पातेले दाबून ठेवावे. या तव्याचे खरे मोल येथे कळते. पातळ नॉनस्टिक तव्यावर गार मांस पडताच उष्णता उतरते, पाणी सुटते आणि कातडी रबरासारखी होते. बिडाचा तवा मात्र साठवलेली उष्णता सोडत राहतो, चुरचुर शेवटपर्यंत थांबत नाही, आणि सात-आठ मिनिटांनी उलटल्यावर कातडी पापडासारखी कुरकुरीत, गडद तपकिरी निघते. दुसरी बाजू तीन-चार मिनिटांत होते. आतील तापमान ७४ अंश सेल्सिअस झाले की मांडी उतरवावी, थोडी मुरू द्यावी आणि मगच कापावी. जपानी पानात स्टेक चॉपस्टिकने उचलता येईल अशा पट्ट्या कापूनच वाढतात.

वांग्यासाठी हिवाळ्यात खानदेशाबाहेर पाहण्याची गरज नाही. बामणोद किंवा असोद्याकडचे हिरवे, पांढुरक्या छटेचे भरिताचे वांगे, ज्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, कमी बियांचे आणि लोण्यासारख्या गराचे असते. त्याचे दोन सेंटिमीटर जाडीचे काप करून, सुरीने आडव्या-उभ्या चिरा देऊन, मीठ लावून पाणी सुटेपर्यंत ठेवावे व पुसावे. एरवी ते स्पंजाप्रमाणे तेल पिते. शेंगदाण्याच्या तेलात दोन्ही बाजू तांबूस झाल्यावर शेवटी लोणी घालावे. भरीत पार्टीच्या वांग्याची अशी वासलात लावणे आमच्या घरातील वडीलधाऱ्यांना अद्याप पटलेले नाही, पण ताटात काही उरत नाही, हेही नोंदवले पाहिजे.

सॉस मात्र या तव्यात करू नये. सोया सॉस, साखर आणि लिंबाचा रस एकत्र उकळला की आंबटपणामुळे तव्यावरचा तेलाचा थर सुटतो आणि सॉसला लोखंडी चव येते. तो लहान स्टीलच्या पातेल्यात वेगळा करावा: दोन मोठे चमचे सोया सॉस, मिरिन या स्वयंपाकातल्या गोड जपानी मद्याऐवजी एक चमचा साखर, थोडे पाणी, आणि उतरवल्यावर लिंबू. चायनीजच्या गाड्यांवर वापरतात तो गडद सोया सॉस येथे चालत नाही, कारण त्यात बहुधा कॅरॅमलचा रंग असतो. सोयाबीन व गहू आंबवून केलेला जपानी सॉस ऑनलाइन मागवलेला बरा. सोबत पांढरा मुळा किसून, घट्ट पिळून वाढावा. आपला मुळा डायकॉन या जपानी मुळ्यापेक्षा तिखट असतो, त्यामुळे बेतानेच घ्यावा.

तव्याचे दोषही लहान नाहीत. मूठ अखंड बिडाची असल्याने जाड फडक्याशिवाय तिला हात लावता येत नाही. घरगुती शेगडीच्या लहान बर्नरवर मध्यभाग भाजतो आणि कडा मागे राहतात, म्हणून मोठा बर्नर हवा आणि तवा अधूनमधून फिरवावा लागतो. खोक्यावर ‘सीझनिंग केलेला’, म्हणजे तेलाचा थर आधीच बसवलेला, असे छापलेले असले तरी पहिल्याच धुण्यात काळसर थर हाताला लागला. तेल चोळून तवा पुन्हा पुन्हा तापवल्यावरच पृष्ठभाग बसला. पावसाळ्यात ओला ठेवल्यास रात्रीतून गंज धरतो. आठवड्यातून एकदा तरी असे काही करणाऱ्याने हा तवा अवश्य घ्यावा. वर्षातून एखाद्या वेळची हौस असेल, तर भाकरीच्या जाड लोखंडी तव्यावरही कोंबडी बऱ्यापैकी होते, फक्त त्याच्या मधल्या खोलगटपणामुळे कातडीच्या कडा फिकट राहतात.