कॅम्परच्या बुडाला काय मारावं: डांबरी कोटिंग की मेण-लॅनोलिन?

मामेभावाने जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तिची कॅम्पर (आत राहता-झोपता येईल अशी गाडी) केली. मुक्काम बहुतेक गुहागर-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर, त्यामुळे गंज लागू नये म्हणून गाडीच्या बुडाला काय मारावं यावर त्याचं घोडं अडलंय.

डांबर-रबराचं कोटिंग एकदा मारलं की काही वर्षं बघावं लागत नाही, खडीचा मारही ते छान सोसतं. पण पत्रा स्वच्छ आणि कोरडा असेल तरच. गंजावर मारलं, किंवा नंतर त्याला चीर गेली, की आत खारी ओल कोंडते. भावाच्या गाडीखाली झोपून मी सांडपाण्याच्या टाकीच्या ब्रॅकेटपाशी स्क्रूड्रायव्हर टोचला. वरून काळंभोर, धड दिसणारं कोटिंग. खालचा पत्रा बिस्किटासारखा मोडला. फार वाईट वाटलं.

मेण किंवा लॅनोलिन (लोकरीतलं स्निग्ध द्रव्य) मऊच राहतं, सांध्यांत झिरपतं, चेसिसच्या (गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या) पोकळीत लांब नळीने फवारता येतं. एका वेळेचा खर्च कमी, पण दरवर्षी पावसाळ्याआधी पुन्हा मारावं लागतं. धूळ चिकटते, प्रेशर वॉशरने निघून जातं.

दोन्हींत सायलेन्सर आणि ब्रेक झाकायचे, पाणी निचऱ्याची भोकं मोकळी ठेवायची.

गाडी नवी आणि देशावर फिरणारी असेल तर कोटिंग घ्या. जुनी, किनाऱ्यावर राहणारी असेल तर तारेच्या ब्रशने सुटा गंज काढून लॅनोलिनच. भावाला मी तेच सांगितलंय. ब्रॅकेट मात्र आधी बदलायचा.