पाणी काळं झालं म्हणून आरओ घेतला, ८ महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण विकायला येताना पाणी काळं करून दाखवायचा हा डेमो काही एकाच कंपनीचा नाही, डब्यावरचा स्टिकर बदलतो बाकी नाटक तेच. किंमत साडेसतरा हजार. मशीनला ३ स्टार, डेमोला शून्य द्यायची सोय नाही म्हणून १.

झालं असं की रविवारी सकाळी दोन पोरं दारात, सोसायटीची परमिशन आहे म्हणाली (नव्हती, नंतर कळलं), ताई दोनच मिनिटं, पाणी टेस्टिंग फ्री आहे. माझे पोहे गॅसवर होते. त्यांनी ओट्यावर दोन काचेचे ग्लास मांडले, एकात आमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्यांच्या बाटलीतलं आरओचं, आणि चार सळयांचं एक यंत्र दोन्हीत बुडवून प्लग लावला. मिनिटभरात नळाचं पाणी पिवळट, मग हिरवट-काळं, वर फेस, खाली गाळ. दुसरा ग्लास जसाच्या तसा. "ताई, हे तुम्ही रोज पिता." आमच्या सासूबाईंनी तोंडाला पदरच लावला. २६ हजार खोडून साडेसतरा, तेही आजच्या आजच. नवऱ्यानं जीपे केलं, पोहे करपले.

दुपारी लेक क्लासवरून आली, अकरावी सायन्सला आहे, तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आई, त्यातली एक सळई लोखंडाची होती का गं?" होती. पाण्यात क्षार विरघळलेले असले की त्यातून वीज वाहते आणि ती लोखंडाची सळईच झिजून पाण्यात उतरते, म्हणजे तो काळा-तपकिरी गाळ नळातून आलेला नाही, त्यांच्या यंत्रातून आलाय. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात म्हणून वीज नीट वाहत नाही, सळई झिजत नाही, पाणी स्वच्छ दिसतं. तिनं तेच खेळणं ऑनलाइन मागवलं, आमच्या नव्याकोऱ्या मशीनचं पाणी घेतलं, चिमूटभर मीठ टाकलं आणि प्लग लावला. झालं की तपकिरी! सासूबाई म्हणाल्या, म्हणजे मीठ पण खायचं नाही का आता?

मला राग आला तो माझाच. घाण पाण्याचा रंग बदलतो हे घटकाभर खरं धरू, पण रंग बदलला म्हणजे पाणी घाण हे कुठून आलं? पाऊस पडला की अंगण ओलं होतं, पण अंगण ओलं दिसलं म्हणजे पाऊसच पडला असं थोडीच असतं, कोणी सडा घातला असेल. आपल्या न्यायशास्त्रात हे कधीचंच सांगून ठेवलंय, धूर तिथे आग हे बरोबर पण आग तिथे धूर हे चूक, आणि त्याला उदाहरण काय तर तापवून लाल केलेला लोखंडाचा गोळा. म्हणजे लोखंड आपल्याला तेव्हापासून गंडवतंय.

बरं घेतल्यावर तरी शहाणे झालो का, तर नाही. पंधरा दिवसांत सासूबाईंची ॲसिडिटी कमी झाली आणि मीच शेजारी-पाजारी सांगत सुटले की मशीनचा गुण आला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला... डॉक्टरांनी त्याच आठवड्यात त्यांचा संध्याकाळचा चहा बंद केला होता हे मी सोयीस्कर विसरले.

नवऱ्याचं पालुपद, चवीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मग लेकीनं त्याची पण परीक्षा घेतली. रोनाल्ड फिशर नावाच्या संख्याशास्त्रज्ञानं १९३५ च्या पुस्तकात लिहिलंय, एक बाई म्हणायच्या की कपात दूध आधी घातलं की चहा हे मी चवीवरून सांगते, तर ८ कप ठेवायचे, ४ असे ४ तसे, आणि ओळखायला लावायचं. नुसत्या नशिबावर सगळे बरोबर यायची शक्यता ७० त १. आम्ही ८ स्टीलचे फुलपात्र घेतले. नवऱ्याला आरओच्या ४ पैकी २ ओळखता आले, मला १. सासूबाई म्हणाल्या सगळ्यांना विमबारचा वास येतोय, त्या बाद.

आता मशीनबद्दल. बसवणारा मुलगा नीट होता, गळती नाही, आवाज चालेल इतपत. पण १ लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण ३ लिटर वाया जातं, मी बादली लावून मोजलंय, ते पाणी फरशी पुसायला आणि कुंड्यांना वापरतो. आमच्या कॉर्पोरेशनच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे लिटरमागे विरघळलेले क्षार वगैरे मिलिग्रॅममध्ये, ११०, भारतीय मानकात ५०० पर्यंत चालतो, आणि ५०० च्या खाली असेल तिथे आरओवर बंदी घाला असं हरित लवादानं २०१९ ला सरकारला सांगितलं होतं. हे त्या पोरांनी कशाला सांगावं! बरं टीडीएस मीटरला जंतू दिसत नाहीत, त्यामुळे आकडा कमी म्हणून पाणी सेफ हेही खरं नाही. बोअर किंवा टँकरचं खारं पाणी असेल तर आरओ जरूर घ्या, आमच्यासारखं असेल तर साधा यूव्हीवाला, म्हणजे अतिनील किरणांनी जंतू मारणारा बघा.

परवा एएमसीसाठी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीच्या करारासाठी, फोन आला, वर्षाचे साडेचार हजार. मी नको म्हटलं. नवरा म्हणतो, अगं साडेसतरा घातलेत ना, आता हे वाया कसे घालवायचे. फुलपात्रं परत बाहेर काढावी लागणार बहुतेक.