बीआरसीए पॉझिटिव्ह आल्यावर: लक्ष ठेवायचं की ऑपरेशन करायचं?

"अजून काही झालेलंच नाही, मग कापून कशाला घ्यायचं?" स्तन आणि अंडाशयांच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा, घराण्यातून येणारा जनुकातला बदल शोधायची तपासणी म्हणजे बीआरसीए. तिचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की घरात पहिलं वाक्य हेच निघतं. प्रश्न रास्त आहे. फक्त स्तनांबद्दल विचारलात तर त्याचं उत्तर एक आहे आणि अंडाशयांबद्दल विचारलात तर वेगळं. दोन्हींचा निकाल एका बैठकीत लावायला गेलं की घोळ होतो.

त्याआधी रिपोर्ट नीट वाचा. 'पॅथोजेनिक' (घातक) किंवा 'लाइकली पॅथोजेनिक' (बहुधा घातक) असं छापलेलं असेल तरच पुढचं सगळं तुम्हाला लागू. 'व्हीयूएस' असेल, तर जनुकात बदल सापडलाय, पण तो घातक आहे की निरुपद्रवी हे अजून ठरलेलं नाही. जगभरातली जनुकीय माहिती मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांची जमलेली असल्याने आपल्याकडच्या रिपोर्टांत हा शेरा जास्त दिसतो. त्याच्या भरवशावर ऑपरेशन करून घेऊ नका.

बीआरसीए १ आणि २ ही दुरुस्तीची जनुकं. डीएनएचे दोन्ही पेड एकाच जागी तुटले, तर शेजारची धडधाकट प्रत बघून ते तंतोतंत जोडण्याच्या कामात ही लागतात. प्रत्येक जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. एक बिघडलेली असली तरी दुसरी काम निभावते. एखाद्या पेशीत ती दुसरीही निकामी झाली, की तुटलेली टोकं कशीबशी चिकटवली जातात आणि चुका साचत जाऊन कॅन्सरची वाट मोकळी होते.

दोन जनुकांत फरक किती? सुमारे १०,००० स्त्रियांवरचा मोठा अभ्यास २०१७ साली आला. त्यानुसार वयाच्या ८० वर्षांपर्यंत स्तनांच्या कॅन्सरची शक्यता बीआरसीए १ मध्ये ७२ टक्के, बीआरसीए २ मध्ये ६९. म्हणजे जवळपास सारखीच. अंडाशयांची मात्र ४४ आणि १७ टक्के. त्यामुळे रिपोर्टावर '१' आहे की '२', हे अंडाशयांच्या बाबतीत फार महत्त्वाचं.

आता स्तन. इथे लक्ष ठेवणं हा खरोखरीचा पर्याय आहे, पळवाट नव्हे. साधारण २५ व्या वर्षापासून दरवर्षी एमआरआय आणि ३० नंतर जोडीला मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे), असं वेळापत्रक असतं. गाठ होणं याने टळत नाही, ती लवकर सापडते. म्हणजे ऑपरेशन, कदाचित केमो, हे पुढे वाट्याला येऊ शकतं. एमआरआयमध्ये भलतंच काही दिसून विनाकारण बायोप्सी होण्याचे प्रसंगही येतात आणि रिपोर्टाची वाट पाहताना झोप उडते ती वेगळीच. दुसरी बाजू म्हणजे दोन्ही स्तन काढणं. कॅन्सरची शक्यता त्याने ९० टक्के किंवा त्याहून जास्त घटते, पण छातीची संवेदना बरीचशी जाते, अंगावर पाजणं संपतं, आणि इम्प्लांट घातलं किंवा पोटाची चरबी-त्वचा वापरून नवा आकार दिला, तरी तो भाग पूर्वीसारखा वाटत नाही.

मग जीव वाचण्यात फरक पडतो का? नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात बीआरसीए १ असलेल्यांना ऑपरेशनचा थोडा फायदा दिसला. बीआरसीए २ मध्ये दोन्ही वाटांनी गेलेल्या स्त्रियांत फारसा फरक नव्हता. म्हणून माझं मत असं: बीआरसीए २ असेल आणि दरवर्षी तपासणी चुकणार नसेल, तर घाई करू नका. पण 'चुकणार नसेल' या शब्दांत सगळं आलं. स्तनांच्या एमआरआयला वेगळी कॉइल (त्यासाठीच यंत्राला जोडायचा भाग) आणि तो वाचणारा अनुभवी रेडिओलॉजिस्ट लागतो. रत्नागिरीहून किंवा गडचिरोलीहून दरवर्षी त्यासाठी मोठं शहर गाठणं झेपणार नसेल, तर कागदावरचं वेळापत्रक काय कामाचं?

अंडाशयांच्या बाबतीत अशी निवड उरत नाही. रक्तातल्या सीए-१२५ या प्रथिनाची तपासणी आणि आतून केलेली सोनोग्राफी, दोन्ही करून पाहून झालं. ब्रिटनमध्ये दोन लाखांवर स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे २०२१ चे निष्कर्ष असे, की या तपासण्यांनी मृत्यू कमी झाले नाहीत. त्या स्त्रिया सर्वसाधारण जोखमीच्या होत्या हे खरं, पण जास्त जोखमीच्या स्त्रियांसाठीही भरवशाची तपासणी आजवर हाती नाही. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी 'नॉर्मल' आली म्हणून निर्धास्त राहणं मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. त्यामुळे मुलं झाल्यावर अंडाशय आणि बीजवाहिन्या काढणं हाच सल्ला मिळतो: बीआरसीए १ मध्ये ३५ ते ४० च्या दरम्यान, २ मध्ये ४० ते ४५. धोका साधारण ८० टक्के घटतो. बीजवाहिन्या सोडून चालत नाही, कारण यातले बरेच कॅन्सर मुळात तिथेच सुरू होतात. आधी फक्त बीजवाहिन्या काढायच्या आणि अंडाशय काही वर्षांनी, या पर्यायाच्या चाचण्या अजून सुरू आहेत.

एक गैरसमज आपल्याकडे हमखास. "तिची पिशवी काढलीय, तिला कसली भीती?" पिशवी म्हणजे गर्भाशय. ते काढताना अंडाशय बऱ्याचदा तसेच ठेवतात. जुनं डिस्चार्ज कार्ड काढून बघा.

अंडाशय काढण्याची किंमतही लहान नाही. पाळी एका दिवसात जाते. अंगातून वाफा, झोपमोड, पुढे हाडं ठिसूळ होणं, हृदयावर परिणाम. स्वतःला स्तनांचा कॅन्सर झालेला नसेल, तर नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत हार्मोनच्या गोळ्या बहुधा देता येतात. हे ऑपरेशनच्या आधीच विचारून ठेवा.

राहिले नातेवाईक. घरात बदल कुठे आहे हे कळल्यावर बाकीच्यांची तेवढ्याच जागेची तपासणी पुरते, ती स्वस्तही पडते. मामाच्या मुलीशी लग्न ठरत असेल तर दोघांनी नक्की करावी: बीआरसीए २ च्या दोन्ही प्रती बिघडलेल्या मिळालेल्या बाळाला फॅन्कोनी ॲनिमिया हा रक्ताचा गंभीर आजार होतो. आणि भावाला "हे बायकांचं" म्हणून वगळू नका. बीआरसीए २ मध्ये त्याला प्रोस्टेटचा, क्वचित स्तनाचाही कॅन्सर होऊ शकतो, आणि त्याला काही झालं नाही तरी त्याच्या प्रत्येक मुलीकडे तो बदल जाण्याची शक्यता ५० टक्के असते.