वंशावळ काढून देतो म्हणून काकांकडून 18,000 उकळले

कुळाचा इतिहास शोधून देणारे सध्या गल्लोगल्ली झालेत, त्यातला एक आमच्या काकांना भेटला. 18,000 घेतले आणि नऊ पिढ्यांची पीडीएफ दिली, वर एका मोडी कागदाचा फोटो, म्हणे पेशवे दफ्तरातला (पेशव्यांच्या कारभाराच्या जुन्या कागदांतला), 1790 चा. घरी सगळे खूश, काकूंनी तर फ्रेमवाल्याला फोन पण केला.

मला खटकलं ते म्हणजे बाप, त्याचा एक मुलगा, त्या मुलाचा एक मुलगा, असं सरळ खाली. भाऊ नाहीत, लेकी नाहीत, कोण कुठे दिली ते नाही, दत्तक नाही. नऊ पिढ्या एकेकच पोरगा? आमचे आजोबाच पाच भाऊ, बांधावरून कोर्टात गेलेले! भाऊबंदांची नावं टाकली की कुणीतरी पडताळणार, म्हणून हे लोक टाकतच नाहीत.

मग ओळखीतल्या एका मोडी वाचणाऱ्या ताईंना फोटो दाखवला. त्या हसल्याच. कागद खरा होता पण साधं खरेदीखत, तारखेच्या ओळीत सरळ इसवी 1874, म्हणजे पेशवाई जाऊन पन्नासेक वर्षं झालेली, आणि वरचा स्टॅम्पचा भाग फोटोत मुद्दाम कापलेला. आडनाव आमचंच, गाव दुसरंच. चतुःसीमेत, म्हणजे जमिनीच्या चारी बाजूंना, ज्यांची शेतं लिहिलीत आणि खाली साक्षीदार म्हणून जे आहेत त्यातलं एकही घर आमच्या गावात नाही, कधी नव्हतं. तेव्हा आडनाव जुळलं म्हणून लगेच नाचू नका, आधी शेजारी आणि साक्षीदार बघा, ते ओळखीचे निघाले तरच पुढे जा.

खरं तर तलाठ्याकडचे जुने फेरफार (जमीन कुणाच्या नावावर गेली त्या नोंदी) काढले तरी वारस नोंदीत भाऊ, बहिणी, विधवा सगळ्या सापडतात. जुन्या गाव नमुना 14 मध्ये जन्म-मृत्यूच्या नोंदी असायच्या, आणि त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्यांत तर यात्रेला कोण कुणाबरोबर आलं होतं ते पण लिहिलेलं असतं. वेळ खूप जातो, खर्च मात्र असा नाही.

काकांनी त्याला फोन करून विचारलं बाकीचे भाऊबंद कुठे गेले, तर म्हणतो कसा, "साहेब ते प्रीमियममध्ये येतं, 12,000 अजून." काकांनी पैसे परत मागितले तर नंबर ब्लॉक. गेल्या आठवड्यात आमच्याच आडनावाच्या एका ओळखीच्यांकडे पण तीच पीडीएफ निघाली, वरची सहा नावं तश्शीच, खालची तीन फक्त बदललेली.