तालुक्याच्या गावचा व्यसनमुक्ती ग्रुप, ध्यानाचा : जावं का?

जावं. माझ्या लहान भावासाठी आम्ही गेलो. जिनिंगमध्ये हमाली करते तो, कंबर धरली म्हणून ट्रॅमाडोल ही दुखणं थांबवायची, अफूच्या जातीची गोळी सुरू झाली आणि मग ती सुटेचना, नाही घेतली तं अंग मोडून येते, नाकातून पाणी, जुलाब, झोपेचं तं नावच नाही. २०१८ पासून ही गोळी एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात हाये, पण गावात लोक म्हणतात दारू नाही गांजा नाही, मंग व्यसन कसलं.

ग्रुपमध्ये सतरंजीवर बसवतात, ज्याची पाठ दुखते त्याले झोपू देतात. आधी श्वास, मंग पायाच्या बोटापासून डोक्यापर्यंत एकेक जागी लक्ष. नंतर ज्याले वाटते तो सांगते की या आठवड्यात तलफ कुठं आली, पगाराच्या दिवशी, भांडणानंतर, मेडिकलसमोरून जाताना. हे मले सगळ्यात आवडलं, कोणी कोणाले शिव्या देत नाही, शपथा घ्याले लावत नाही. ग्रुप घेणारी ताई म्हणते, तलफ म्हणजे नाल्याचा पूर, चढते तसा उतरते, तुम्ही काठावर उभे राहा. आणि एक छोटी गोष्ट शिकवली, थांबा, आत काय चालू हाये ते पाहा, श्वासावर या, मंग सगळ्या अंगाकडे लक्ष द्या, मंगच काय करायचं ते ठरवा. भाऊ हे शेतातही करते आता.

पण लक्षात ठेवा, हे औषधाच्या जागी नाही, औषधासोबत हाये. हे व्यसन सोडवाले जिभेखाली ठेवायची बुप्रेनॉर्फिन नावाची गोळी डॉक्टर देतात, ती चालूच राहते. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात मेथाडोनवर (हेही असंच व्यसन सोडवायचं औषध) असलेले आणि अंगदुखीचा त्रास असलेले १५४ जण होते, त्यातही ध्यानाचा ग्रुप उपचारासोबतच दिला होता, आणि ग्रुपवाल्यांमध्ये परत नशा करणं आणि औषध सोडून देणं दोन्ही कमी दिसलं. "ध्यान करतो, आता डॉक्टरची गोळी कशाले" असं कोणी म्हणत असेल तं अजिबात ऐकू नका. मधी काही दिवस नशा बंद राहिली की अंगाची सवय मोडते, मंग परत नशा केली तं जुन्याच डोसनं श्वास थांबून माणूस जाऊ शकते.

खटकलं ते वेळेचं. दुपारी ठेवतात, कापूस वेचणीत कोण येईल, मजुरी बुडते. बाया तं येतच नाहीत, गोळ्या त्याही घेतात, पण चार पुरुषांसमोर कशा बोलतील. त्यांचा वेगळा ग्रुप पाहिजेच, आणि संध्याकाळी शेवटच्या एसटीच्या आधी सुटेल अशी एक बॅच पाहिजे. ज्याले इथं येणं जमत नाही त्यानं व्यसनमुक्तीच्या हेल्पलाइनवर, १४४४६ वर, फोन करून जवळचं केंद्र विचारावं, पैसे लागत नाहीत.