बळी तो कान पिळी? दोन निकाल शेजारी ठेवून

बलाढ्य देशांना लहानांचेच नियम लागू व्हावेत का, हे ठरवायचं असेल तर भाषणं जरा बाजूला ठेवा आणि दोन निकाल शेजारी मांडा. दोन्ही संयुक्त राष्ट्रांच्या एकाच सागरी कायद्याखालचे. दोन्हींत लहान देशाने मोठ्याला लवादापुढे खेचलं.

पहिला बांगलादेश विरुद्ध भारत. दावा लागला २००९मध्ये. वादात हरियाभांगा नदीच्या मुखाशी वर आलेलं एक टीचभर बेटही होतं. आपण त्याला न्यू मूर म्हणायचो, ते दक्षिण तालपट्टी. १९८१मध्ये त्यासाठी भारताने नौदल धाडलं होतं. निकाल लागेपर्यंत बेटच पाण्याखाली गेलं! ७ जुलै २०१४ रोजी वादातल्या सुमारे २५,६०० चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ बांगलादेशाला मिळाले. बेटाची जागा, म्हणजे आता नुसतं पाणी, आपल्या वाट्याला. दिल्लीने निकाल मानला. कुरबुरी पुढेही राहिल्या, पण त्या कागदावर.

दुसरा फिलिपिन्स विरुद्ध चीन. चीन सुनावणीला फिरकलाच नाही. दक्षिण चीन समुद्राच्या नकाशावर नऊ तुटक रेघा ओढून सांगितलेल्या ऐतिहासिक हक्काला कायद्याचा आधार नाही, असं लवादाने १२ जुलै २०१६ला सांगितलं. स्कारबरो खडकाजवळ फिलिपिनो मच्छीमारांना अडवणंही बेकायदा ठरवलं. बीजिंगने निकाल रद्दबातल म्हणून भिरकावला. त्यानंतरही त्या पाण्यात फिलिपिन्सच्या बोटींवर चिनी तटरक्षक दल पाण्याचा मारा करतं. निकाल बजावायला पोलीस कुठून आणणार?

चीनला कायदा शिकवणाऱ्या अमेरिकेने या सागरी करारावर मान्यतेची मोहोर अजून उमटवलेली नाही. १९८६मध्ये निकाराग्वाने तिच्याविरुद्ध आंतरराष्ट्रीय न्यायालयात खटला जिंकला. अंमलबजावणीचा ठराव सुरक्षा परिषदेत आला, तो अमेरिकेने नकाराधिकाराने पाडला. आरोपीच पंचांत बसलेला.

बड्यांना सवलत हवी म्हणणाऱ्यांचा मुद्दा मात्र पोकळ नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या राष्ट्रसंघात अमेरिका आलीच नाही, जपान १९३३मध्ये उठून गेला. १९४५मध्ये पाच देशांना नकाराधिकार दिला म्हणून निदान ते एका खोलीत टिकले. महायुद्ध टाळण्यासाठी ही किंमत मला पटते. मच्छीमारांच्या जाळ्यांसाठी नाही पटत. तिथे चीनकडे माझ्या मते सबब नाही. भारताने निकाल मानून दाखवलाय आणि त्याचं काही बिघडलं नाही.

आपली गंमत अशी की आपण ढाक्यापुढे मोठे आणि त्या पाचांपुढे लहान. १ जानेवारी १९६७च्या आधी अणुस्फोट केलेल्यांना वेगळा न्याय, म्हणून अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर आपण सही केली नाही. सुरक्षा परिषदेत कायमची जागा मात्र मागतो, आणि नकाराधिकार राहणार असेल तर तोही हवा म्हणतो.